शस्त्रक्रियेतील आसंजके व त्वचेची ॲलर्जी

जखमेच्या किंवा शस्त्रक्रियेतील छेदाच्या कडा एकमेकींशी जुळवून धरण्यासाठी, तसेच जखमेवरील आच्छादन जागेवर टिकून राहावे म्हणून त्वचेवर जे चिकट पदार्थ लावतात त्यांना शस्त्रक्रियोपयोगी आसंजके म्हणतात. यांत राळ व रबर यांपासून केलेल्या चिकटपट्ट्या, ऊद व तत्सम सुगंधी राळांचे अर्क, ॲक्रिलिक पट्ट्या आणि जखमेच्या कडांवर थेट लावावयाची सायनोॲक्रिलेट आसंजके यांचा समावेश होतो. काही व्यक्तींच्या त्वचेत या पदार्थांबाबत अतिसंवेदनशीलता निर्माण होते व आसंजक लागलेल्या जागी खाज, लाली, सूज आणि पाण्याने भरलेले बारीक फोड उद्‌भवतात. हा विकार स्पर्शजन्य ॲलर्जिक त्वचाशोथ (त्वचेची दाहयुक्त सूज) या गटात मोडतो [⟶ ॲलर्जी]. त्याने जिवाला धोका सहसा नसतो. परंतु तो जखमेच्या जागीच होत असल्याने जखमेत जंतुसंसर्ग झाला, अशी समजूत सहज होते. मग अनावश्यक प्रतिजैविके दिली जातात, टाके उसवून जखम पुन्हा उघडली जाते आणि मूळ कारण असलेली चिकटपट्टी मात्र नव्याने लावली जाते. या विकाराचा इतिहास हा पुष्कळ अंशी या गैरसमजाचा इतिहास आहे. तसेच, प्रत्येक नवे आसंजक प्रचारात येताना ‘त्वचेला निरुपद्रवी’ असा लौकिक घेऊन आले व त्याचे दोष कित्येक वर्षांनंतर उघड झाले, असेही त्यात वारंवार आढळते.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : चिकट पट्ट्यांनी जखम मिटविण्याची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पू. सु. १६०० मधील एडविन स्मिथ पपायरस या ईजिप्शियन वैद्यकीय लेखात जखमेच्या कडा जवळ आणण्यासाठी तागी कापडाच्या पट्ट्या वापरण्यास सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत सीवनकर्मासाठी अंबाडीसारख्या वनस्पतींचे व जवसाचे तंतू, स्नायू (कंडरा) व केस यांचा उल्लेख आहे. आतड्यास पडलेल्या छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून मग त्यांची धडे तोडून टाकण्याची प्रसिद्ध युक्तीही तीतच आढळते. यूरोपात मुर्दाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) व ऑलिव्ह तेल एकत्र शिजवून केलेला लेप कापडावर पसरून वापरीत. हा शिशाचा लेप ग्रीक व रोमन वैद्यकापासून थेट विसाव्या शतकापर्यंत औषधिसंहितांत टिकून होता. तो फारसा चिकट नसल्यामुळे त्यात राळ मिसळण्याची प्रथा पडली.

सोळाव्या शतकातील फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद आंब्र्वाझ पारे यांनी चेहऱ्यावरील जखमांसाठी ‘कोरडी शिवण’ वापरली. जखमेच्या दोन्ही बाजूंस राळयुक्त लेपाने कापडाचे तुकडे चिकटवावयाचे आणि त्वचेऐवजी त्या तुकड्यांनाच टाके घालावयाचे, अशी ही रीत होती. टाक्यांचे व्रण चेहऱ्यावर उरू नयेत हा तिचा हेतू होता. आजही आसंजकांचा पुरस्कार करताना हेच कारण प्रथम सांगितले जाते.

राळ आणि रबर : एकोणिसाव्या शतकात दोन स्वतंत्र दिशांनी प्रगती झाली. सेल्युलोजाचे नायट्रेट ईथर व अल्कोहॉल यांच्या मिश्रणात विरघळते, असे १८४६ च्या सुमारास आढळून आले. या द्रावाचा, म्हणजे कोलोडियनाचा, पातळ थर त्वचेवर सुकला की पारदर्शक पापुद्रा तयार होतो. बॉस्टन येथील जॉन पार्कर मेनर्ड या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो जखमा मिटविण्यासाठी वापरून १८४८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. आजच्या द्रव आसंजकांचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. दुसरी दिशा रबराची. १८४५ मध्ये अमेरिकेत होरेस डे व विल्यम शेकट यांनी विद्रावकात विरघळविलेले रबर कापडावर लेपून केलेल्या पट्टीचे एकस्व (पेटंट) घेतले. जर्मनीत पाउल कार्ल बायर्सडॉर्फ यांनी १८८२ मध्ये गटापर्चाच्या पट्टीचे एकस्व मिळविले.

रबर व राळ यांच्या पट्ट्या उत्तम चिकटत, पण त्वचेला झोंबत. राळेतील अम्ले हे याचे कारण आहे असे मानून त्यांचे उदासिनीकरण करण्यासाठी जस्ताचे ऑक्साइड मिसळण्यात येऊ लागले. १८९९ मध्ये अमेरिकेत व १९०१ मध्ये जर्मनीत अशा पांढऱ्या पट्ट्या विक्रीस आल्या आणि रुग्णालयांतील पांढरी चिकटपट्टी जगभर रूढ झाली. १९२० मध्ये अर्ल डिक्सन यांनी पट्टीच्या मधोमध जाळीदार कापडाची घडी बसवून घरगुती उपयोगाची तयार पट्टी बनविली आणि चिकटपट्टी घराघरांत पोहोचली. जस्ताच्या ऑक्साइडामुळे झोंबणे खरोखरच कमी झाले. परंतु झोंबणे व ॲलर्जी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. त्यामुळे अम्लाचा बंदोबस्त केला म्हणजे राळेचा प्रश्न सुटला, असे गृहीत धरले गेले.

ॲलर्जीची ओळख : हा भेद स्पष्ट होण्यास ज्या प्रयोगामुळे आरंभ झाला तो चिकटपट्टीवरच झाला, हा एक मौजेचा योग आहे. जर्मन त्वचारोगतज्ञ योझेफ याडासोन यांच्या एका रुग्णास पाऱ्याच्या औषधाने त्वचाशोथ झाला होता. याडासोन यांनी पाऱ्याचा लेप असलेल्या पट्टीचा छोटा तुकडा त्याच्या निरोगी त्वचेवर चिकटविला. तेवढ्याच जागी पुन्हा तसाच विकार उमटला. १८९५ मध्ये ग्राट्स येथील परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. तीच पुढे पट्टी-चाचणी (पॅच टेस्ट) म्हणून प्रसिद्ध झाली. ‘ॲलर्जी’ हा शब्दच मुळी १९०६ मध्ये क्लेमेन्स फोन पिर्के यांनी प्रचारात आणला. साध्या रासायनिक पदार्थांचे रेणू त्वचेतील प्रथिनांशी जोडले गेले की त्यांना प्रतिजनाचे गुणधर्म येतात, हे कार्ल लँडस्टायनर यांनी १९३० नंतरच्या दशकात गिनीपिगांवरील प्रयोगांनी दाखविले. १९४२ मध्ये त्यांनी व मेरिल चेस यांनी ही संवेदनशीलता रक्तद्रवातून नव्हे, तर जिवंत कोशिकांद्वारे एका प्राण्यातून दुसऱ्यात संक्रमित करता येते, हे सिद्ध केले.

या कोशिका म्हणजे लसीका कोशिकांचा एक प्रकार (टी कोशिका) होय. पहिल्या संपर्कात रासायनिक रेणू त्वचेत शिरतो, तेथील कोशिका त्याला जवळच्या लसीका ग्रंथीकडे नेतात व तेथे त्या रेणूस ओळखणाऱ्या टी कोशिकांची संख्या वाढते. या क्रियेस साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात व तोवर बाहेर काहीही दिसत नाही. पुढच्या संपर्कात मात्र एक ते तीन दिवसांत प्रतिक्रिया उमटते. बिब्ब्याचे तेल अंगाला लागल्यास एखाद्यास काहीच होत नाही, तर दुसऱ्याच्या अंगावर बिब्बा उततो, हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला प्रकार याच यंत्रणेने घडतो. आसंजकांच्या बाबतीत या विलंबाला विशेष महत्त्व आहे. पहिल्या शस्त्रक्रियेत सर्व काही सुरळीत पार पडले आणि काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूच्या गुडघ्यावर तेच आसंजक लावताच फोड आले, असे घडू शकते. अशा वेळी ‘हेच औषध मागे चालले होते’ हा रुग्णाचा वा वैद्याचा युक्तिवाद आसंजकास निर्दोष ठरवीत नाही. उलट तो त्याविरुद्धचा पुरावा ठरू शकतो.

राळेतील दोषी घटक : पाइन वृक्षांच्या स्रावातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जी पिवळसर राळ (कोलोफोनी) उरते तिच्यात ॲबिएटिक अम्ल मुख्यत्वे असते. बरीच वर्षे हेच अम्ल ॲलर्जीस कारणीभूत आहे असे समजले जात होते. शुद्ध ॲबिएटिक अम्ल मात्र फारसे संवेदनकारक नसते. हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन त्यापासून जी हायड्रोपेरॉक्साइडे बनतात ती प्रबळ प्रतिजने होत, हे १९८० नंतरच्या दशकात स्वीडनमधील ॲन-थेरेस कार्लबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. जस्ताच्या ऑक्साइडाने प्रश्न का सुटला नाही याचा उलगडा यामुळे होतो : त्याने अम्लता कमी होते, ऑक्सिडीकरणाची फलिते तशीच राहतात. हायड्रोजनीकरणाने राळ अधिक स्थिर करता येते. तथापि अशा सुधारित राळेच्या एस्टरांमुळेही, उदा., व्रणांवर लावावयाच्या काही जलशोषक आच्छादनांमुळे, ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. रबरावर प्रक्रिया करताना वापरलेल्या गतिवर्धक रसायनांचीही काहींना ॲलर्जी असते.

कृत्रिम रबराच्या गोंदात वापरले जाणारे पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझीन हा आणखी एक दोषी पदार्थ. पादत्राणे व घड्याळाचे पट्टे यांच्या गोंदामुळे होणाऱ्या त्वचाशोथात तो वारंवार सापडतो. कपाळावरील चिकट टिकलीखाली पांढरा डाग पडतो तो मात्र निराळा विकार आहे. टिकलीच्या गोंदात सुटे राहिलेले पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल रंगद्रव्य तयार करणाऱ्या कोशिकांना विषारी असते व त्यामुळे हा डाग पडतो, असे अलाहाबाद (आताचे प्रयागराज) येथील ए. के. बजाज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले. तो कोड समजून स्त्रिया व त्यांचे कुटुंबीय घाबरतात. टिकलीचा गोंद त्यामागे असेल हे लक्षातच येत नाही.

ऊद व इतर बाल्सम : चिकटपट्टी अधिक घट्ट बसावी म्हणून तिच्याखाली त्वचेला ऊदाचा संयुक्त अर्क (टिंक्चर बेंझॉइन कंपाउंड) लावण्याची पद्धत रुग्णालयांत दीर्घकाळ आहे. सुईने टोचलेल्या जागी कापूस व हा अर्क लावून ती बंद करण्याचा प्रघात आपल्याकडेही सर्वपरिचित आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट टर्लिंग्टन यांनी १७४४ मध्ये एकस्व घेतलेले बाल्सम व ‘फ्रायर्स बाल्सम’ ही याच जातीची औषधे होत. ऊद, शिलारस, टोलू बाल्सम व कोरफड यांच्या या मिश्रणात सिनॅमिक व बेंझॉइक अम्लांची संयुगे असतात. पेरू बाल्सम व सुगंधी द्रव्ये यांची ॲलर्जी असलेल्यांना त्याचाही त्रास होण्याचा संभव असतो. पट्टीखालचा हा अर्क पट्टी काढल्यावर दिसत नाही, म्हणून दोष पट्टीला दिला जातो. रुग्णाच्या कागदपत्रांत पट्टीची नोंद एखाद वेळी असते, अर्काची क्वचितच असते.

ॲक्रिलिक पट्ट्या : १९६० च्या सुमारास राळ व रबर या दोहोंना फाटा देऊन ॲक्रिलेट बहुवारिकाचा लेप दिलेल्या, हवा खेळती ठेवणाऱ्या कागदी पट्ट्या प्रचारात आल्या. पूर्ण बहुवारिकीकरण झालेले ॲक्रिलेट त्वचेत शिरत नसल्यामुळे ॲलर्जीचे प्रमाण खरोखर घटले. या पट्ट्यांखाली होणारी बहुतेक लाली ही ओढ बसल्याने, घाम कोंडल्याने किंवा पट्टी ओढून काढताना त्वचेचा वरचा थर सोलला गेल्याने होते. तिला ॲलर्जी म्हणणे चूक आहे, पण तसे सर्रास म्हटले जाते व ‘चिकटपट्टीची ॲलर्जी’ अशी नोंद रुग्णाच्या माथी कायमची बसते. पट्टी-चाचणीलाही या पट्ट्यांचा लाभ झाला. पूर्वी चाचणीचे पदार्थ ज्या पट्टीने पाठीवर चिकटवीत तिच्याच राळेमुळे लाली येऊन निष्कर्ष काढणे कठीण होई. फिनलंडमधील व्हेइक्को पिरिला यांनी १९७५ च्या सुमारास आणलेल्या ॲल्युमिनियमाच्या छोट्या वाट्या ॲक्रिलिक पट्टीवर बसवून वापरू लागल्यावर ही अडचण दूर झाली.

सायनोॲक्रिलेट आसंजके : दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४२ मध्ये, बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना ईस्टमन कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांना सायनोॲक्रिलेटे हाती लागली, परंतु ती ज्याला त्याला चिकटतात म्हणून बाजूला ठेवली गेली. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी या द्रवाचा प्रणमनांक मोजण्यासाठी त्याचा थेंब उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये ठेवला आणि लोलक कायमचे चिकटले. दोष होता तोच गुण ठरला व १९५८ मध्ये हा गोंद बाजारात आला. हवेतील वा त्वचेवरील अल्पशा ओलाव्याने एकवारिक रेणूंचे काही सेकंदांत बहुवारिकीकरण होते, हे त्याच्या चिकटण्याचे रहस्य होय. कूव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच त्याच्या शस्त्रक्रियेतील उपयोगाची शक्यता सुचविली होती. व्हिएटनाम युद्धात १९६६ मध्ये जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी त्याचा फवारा वापरण्यात आला.

आरंभीचे मिथिल सायनोॲक्रिलेट ऊतकांना विषारी ठरले, कारण आखूड शृंखलेची ही बहुवारिके लवकर विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड व सायनोॲसिटेट ही द्रव्ये बाहेर पडतात. शृंखला लांबविली की विघटन मंदावते. म्हणून ब्यूटिल सायनोॲक्रिलेट यूरोप व कॅनडा येथे १९७० नंतर त्वचेच्या जखमांसाठी वापरले जाऊ लागले. अधिक लवचीक असे २-ऑक्टिल सायनोॲक्रिलेट अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्य केले. भूल नको, टाके काढण्यासाठी पुन्हा यावे लागत नाही, पापुद्रा पाच ते दहा दिवसांत आपोआप गळून पडतो व पाणी आत शिरत नाही, हे त्याचे लाभ उघड आहेत आणि मुलांच्या कपाळावरील खोकेच्या बाबतीत तर ते वादातीत आहेत.

या आसंजकाची ॲलर्जी होणे शक्यच नाही, असे बराच काळ मानले जात होते. द्रव त्वचेला लागताक्षणी घट्ट होतो व पृष्ठभागावरील केराटिनास बांधला जातो. सुटा एकवारिक रेणू खोलवर पोहोचतच नाही, अशी यामागची उपपत्ती होती. तीत तथ्य नाही असे नाही, पण ती अपुरी होती. ब्रिटिश त्वचारोगतज्ञ सी. डी. कॅलनन यांनी १९७९ मध्येच सायनोॲक्रिलेटामुळे झालेल्या त्वचाशोथाची नोंद केली. न्यूयॉर्क येथील अलेक्झांडर फिशर यांनी १९८० नंतरच्या दशकात कृत्रिम नखे चिकटविण्याच्या गोंदामुळे झालेले असे रुग्ण वर्णन केले. परंतु या नोंदी त्वचारोगविषयक नियतकालिकांत राहिल्या व शस्त्रक्रियाविशारदांपर्यंत त्या पोहोचण्यास बराच अवधी लागला. टाके व ऑक्टिल सायनोॲक्रिलेट यांची तुलना करणारी जेम्स क्विन व सहकाऱ्यांची १९९७ मधील चाचणी फार गाजली. तीत सव्वाशेच्या आसपास रुग्ण होते आणि व्रणाचे रूप व लागणारा वेळ यांवर मुख्य भर होता. एवढ्या संख्येत व एकाच वेळच्या वापरात विरळ, विलंबाने प्रकटणारी ॲलर्जी दिसून येणे कठीणच होते. २००९ पासून सुघटन शस्त्रक्रिया व सांधेरोपण यांनंतर झालेल्या तीव्र प्रतिक्रियांचे अहवाल एकामागून एक येऊ लागले. प्रमाणाबाबत एकवाक्यता नाही : काही पाहण्यांत ते एक टक्क्याहून कमी, तर काहींत त्याच्या कित्येक पट आहे. लांब छेदावर जाड थर देणे आणि जाळीदार पट्टीवर आसंजक पसरून ती बरेच दिवस ठेवणे या पद्धतींमुळे संपर्काचे क्षेत्र व काळ दोन्ही वाढले, ही बाब येथे दुर्लक्षिता येत नाही.

शिवाय रुग्ण शस्त्रक्रियागृहात येतो तेव्हा त्याची त्वचा कोरी असतेच असे नाही. घरगुती दुरुस्तीचा झटपट गोंद, कृत्रिम नखे व पापण्या यांचा गोंद हे बहुधा एथिल सायनोॲक्रिलेटाचेच असतात. त्यांनी आधीच संवेदनशील झालेल्या व्यक्तीस शस्त्रक्रियेनंतर लवकरच त्रास सुरू होऊ शकतो. इतर ॲक्रिलेटांशी सायनोॲक्रिलेटाची उलट प्रतिक्रिया सहसा आढळत नाही. आसंजकात घातलेली स्थिरीकारके, गतिवर्धक द्रव्ये व जांभळा रंग यांपैकी एखादा घटक दोषी असण्याची शक्यताही तपासावी लागते. ग्लुकोज मोजण्यासाठी दंडावर चिकटविण्याच्या उपकरणांमुळे होणाऱ्या त्वचाशोथात आयसोबोर्निल ॲक्रिलेट कारणीभूत आहे, हे बेल्जियममधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले. ते त्वचेला लागणाऱ्या पट्टीच्या माहितीपत्रकातून नव्हे, तर उपकरणाच्या रासायनिक विश्लेषणातून कळले.

निदान व उपाय : जंतुसंसर्गात वेदना, ज्वर व पू यांचे प्राबल्य असते, ॲलर्जीत खाज प्रमुख असते. लालीची सीमा आसंजकाच्या आकाराशी तंतोतंत जुळते, पट्टी चौकोनी असेल तर लालीही चौकोनी दिसते. पुढे ती सीमेबाहेर पसरू शकते. खाजविल्याने वरून जंतुसंसर्ग झाला तर दोन्ही विकार एकत्र आढळतात आणि अशा वेळी अनुभवी वैद्यासही निर्णय कठीण जातो. खाली धातूचा कृत्रिम सांधा असेल तर प्रश्न अधिकच गंभीर होतो, कारण तेथील जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष करणे व ॲलर्जीला संसर्ग समजून सांधा उघडणे हे दोन्ही महागात पडते.

निश्चित निदान पट्टी-चाचणीने होते. संशयित पदार्थ पाठीवर दोन दिवस ठेवून काढतात व त्यानंतर आणखी एकदोनदा, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, त्वचा तपासतात. भारतात कॉन्टॅक्ट अँड ऑक्युपेशनल डर्मॅटोसेस फोरम ऑफ इंडिया या संस्थेने पुरस्कारिलेल्या प्रमाणभूत मालिकेत राळेचा समावेश आहे. सायनोॲक्रिलेटाची चाचणी मात्र वेगळी करावी लागते. शुद्ध द्रव क्षणात घट्ट होत असल्यामुळे पेट्रोलियम जेलीत १०% प्रमाणात मिसळलेले एथिल सायनोॲक्रिलेट वापरतात. परंतु ऑक्टिल संयुगाची ॲलर्जी असलेल्या सर्वच व्यक्ती एथिल संयुगास प्रतिसाद देत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष वापरलेल्या आसंजकाचीही चाचणी घेणे इष्ट असते. प्रतिक्रिया ताजी असताना चाचणी घेऊ नये.

उपचारांत आसंजक पूर्णपणे काढून टाकणे सर्वांत महत्त्वाचे असते. सायनोॲक्रिलेटाचा पापुद्रा पेट्रोलियम जेलीने मऊ करून हलकेच काढता येतो. त्यानंतर स्टेरॉइडयुक्त मलम लावतात. विकार अंगभर पसरल्यास पोटातून स्टेरॉइडे थोडे दिवस देतात. लाली बहुधा दोनतीन आठवड्यांत ओसरते, त्वचेवरील काळपटपणा मात्र, विशेषतः सावळ्या वर्णात, कित्येक महिने राहतो. पुढील शस्त्रक्रियांसाठी साधे किंवा धातूचे टाके व सिलिकोनाची आच्छादने हे पर्याय उपलब्ध आहेत. रुग्णाच्या नोंदीत केवळ ‘चिकटपट्टीची ॲलर्जी’ असे न लिहिता राळ, ऊदाचा अर्क, ॲक्रिलेट वा सायनोॲक्रिलेट यांपैकी नेमका पदार्थ नमूद करतात व त्याची एक प्रत रुग्णाकडे देतात.